‘एक दिवस आधी’ म्हणजे नेमकं कधी? कोविडच्या काळातल्या परदेश प्रवासाबद्दल वाचकांचे प्रश्न (फेब्रुवारी २०२२)

१४ फेब्रुवारी २०२२ पासून भारतात येणाऱ्या प्रवाशांसाठीचे कोविडचे नियम सैल झाले. सात दिवसांचं घरातलं विलगीकरण गेलं, आठव्या दिवशीची चाचणी गेली, ‘जोखमीचे देश’ ही वेगळी यादीही गेली. तरी पत्रं थांबली नाहीत, आणि त्याचं कारण रास्त होतं. कोणता कागद लागतो हे तोवर बहुतेकांना ठाऊक झालं होतं. घोटाळा व्हायचा तो चाचणीची मुदत मोजण्यात. एक देश स्वॅब (चाचणीसाठी नाकाघशातला नमुना) दिल्याच्या क्षणापासून तास मोजायचा, दुसरा कॅलेंडरवरचे दिवस मोजायचा, तिसरा तुम्ही तिथे उतरण्याच्या वेळेपासून मागे मोजत जायचा. खालची उत्तरं १६ फेब्रुवारी २०२२ ला लागू असलेल्या नियमांनुसार आहेत; कोविडचे हे नियम पुढे उठले, म्हणून तेवढा भाग त्या वेळची नोंद म्हणूनच वाचा. तिकीट काढताना एकदा आणि निघण्याच्या आदल्या दिवशी पुन्हा एकदा, त्या देशाचं सरकारी संकेतस्थळ आणि विमान कंपनीचं पान, दोन्ही पाहा.

प्रश्न : मुलीकडे न्यू जर्सीला जायचंय. विमान मुंबईहून गुरुवारी रात्री, म्हणजे ४ मार्चला पहाटे दीडला सुटतं. आम्ही नाशिकला राहतो. चाचणी बुधवारी करून घेतली तर चालेल ना? दोघांचेही कोव्हिशील्डचे दोन डोस झालेत. (नाशिक)

नाही, बुधवारी केलेली चाचणी चालणार नाही, आणि याच जागी सर्वांत जास्त लोक अडकतात. आपण बोलताना ‘गुरुवारी रात्रीची फ्लाइट’ म्हणतो, पण तिकिटावर तारीख शुक्रवारची, ४ मार्चची आहे. अमेरिकेचा ६ डिसेंबर २०२१ पासूनचा नियम तेव्हा सांगत होता, की चाचणी विमान सुटण्याच्या तारखेच्या फार तर एक दिवस आधीची हवी. हा दिवस कॅलेंडरवरचा, चोवीस तासांचा नव्हे. म्हणजे तुमचा स्वॅब ३ मार्चला, गुरुवारी, मध्यरात्रीनंतर केव्हाही दिलेला चालेल. बुधवारी रात्री अकराला दिलेला चालणार नाही, मग रिपोर्टवर गुरुवारची तारीख छापलेली का असेना, कारण बघतात ती स्वॅब घेतल्याची तारीख.

गुरुवार असा आखा. सकाळी आठच्या सुमारास नाशिकलाच लॅबमध्ये अँटिजेन चाचणी करून घ्या. अमेरिकेला आरटी-पीसीआरच पाहिजे असं नव्हतं, अँटिजेन चालत होती आणि तिचा निकाल अर्ध्या तासाच्या आत कळतो. आरटी-पीसीआरचा रिपोर्ट संध्याकाळपर्यंत येईल या भरवशावर राहिलात, तर कसाऱ्याच्या घाटात गाडीत बसून मोबाइलकडे बघत राहावं लागेल. घरी किट आणून स्वतः केलेली चाचणी मात्र धरत नव्हते, लॅबचाच रिपोर्ट लागत होता. त्यावर पाच गोष्टी आहेत का ते लॅबच्या दारातच तपासा : पासपोर्टप्रमाणे नाव, जन्मतारीख किंवा पासपोर्ट क्रमांक, चाचणीचा प्रकार, स्वॅब घेतल्याची तारीख, आणि लॅबचं नाव. पुष्कळ लॅबच्या छापील नमुन्यात पासपोर्ट क्रमांकाची जागाच नसते. नाव नोंदवतानाच सांगितलं तर घालून देतात, नंतर सांगितलं तर रिपोर्ट नव्याने काढावा लागतो.

विमान बदलून जाणार असाल तर मोजणी पहिल्या विमानापासून होत होती. मात्र त्यासाठी सगळा प्रवास एकाच पीएनआरवर (बुकिंग क्रमांकावर) हवा आणि मधला कुठलाही थांबा २४ तासांहून जास्त नको. मुंबई ते युरोप एक तिकीट आणि पुढचं दुसरं, असं स्वस्तात जमवलं असेल तर अमेरिकेला जाणाऱ्या विमानापासून मोजलं जाईल आणि नाशिकचा रिपोर्ट तिथे शिळा ठरू शकतो.

लशीबद्दल : पर्यटक व्हिसावर जाणाऱ्यांना २०२२ मध्ये दोन्ही डोस लागत होते आणि दुसऱ्या डोसाला १४ दिवस झालेले लागत होते. कोव्हिशील्ड आणि कोव्हॅक्सिन दोन्ही चालत होत्या. तिसरा डोस मागत नव्हते. विमान कंपनी एक प्रतिज्ञापत्र भरून घेत होती, ते घरूनच भरून छापून नेणं बरं.

प्रश्न : वडिलांना १२ जानेवारीला कोविड झाला. आता ठणठणीत आहेत. मार्चअखेर अमेरिकेला जायचंय, पण परवा सहज आरटी-पीसीआर केली तर पॉझिटिव्ह! तिकीट रद्द करू का? (कोल्हापूर)

रद्द करू नका. आरटी-पीसीआर विषाणूच्या जनुकीय साहित्याचे तुकडे शोधते. माणूस बरा झाल्यावरही हे तुकडे काही आठवडे, क्वचित त्याहून जास्त काळ नाकाघशात सापडतात. त्यावरून तो अजून संसर्ग पसरवतोय असं ठरत नाही. हे अमेरिकेच्या तेव्हाच्या नियमात धरलेलं होतं : निगेटिव्ह रिपोर्टऐवजी ९० दिवसांच्या आतला पॉझिटिव्ह रिपोर्ट आणि डॉक्टरांचं ‘बरे झाले, प्रवासास हरकत नाही’ असं पत्र, ही जोडी चालत होती. १२ जानेवारीपासून ९० दिवस १२ एप्रिलला भरतात, त्यामुळे मार्चअखेरचा प्रवास आरामात बसतो.

पत्र डॉक्टरांच्या लेटरहेडवर हवं. त्यावर पत्ता, फोन, सही, तारीख आणि वडिलांचं पासपोर्टवरचं नाव इंग्रजीत असावं. पॉझिटिव्ह रिपोर्टही लॅबचा हवा. जानेवारीच्या लाटेत अनेकांनी घरच्या किटवर दोन रेघा पाहिल्या आणि औषधं सुरू केली, लॅबमध्ये गेलेच नाहीत. त्यांना ही वाट बंद होती. अशांनी प्रवासाआधी अँटिजेन चाचणी करावी. ती बरं झाल्यावर लवकर निगेटिव्ह होते.

प्रश्न : कोविनच्या सर्टिफिकेटवर बायकोचं नाव आधारप्रमाणे, लग्नानंतरचं आहे. पासपोर्टवर माहेरचं. माझा पहिला डोस एका मोबाइल नंबरवर आणि दुसरा दुसऱ्या नंबरवर नोंदलाय. मला दोन्ही सर्टिफिकेटं ‘पहिला डोस’ अशीच दिसतात. (सातारा)

दोन्ही दुरुस्त्या घरबसल्या होतात, फक्त क्रम चुकवू नका.

कोविन या सरकारच्या कोविड-लस नोंदणीच्या संकेतस्थळावर लस घेताना दिलेल्या मोबाइल नंबरने ओटीपी घेऊन शिरा आणि ‘रेझ ॲन इश्यू’ उघडा. तुमच्यासाठी तिथे पहिल्या डोसाची दोन सर्टिफिकेटं एकत्र करण्याचा पर्याय आहे. ती जोडली गेली की पूर्ण लसीकरणाचं एकच सर्टिफिकेट तयार होतं. दोन्ही नोंदींत नाव आणि ओळखपत्र वेगवेगळं असेल तर आधी ते सारखं करून घ्या.

बायकोच्या बाबतीत आधी नाव दुरुस्त करा, मग पासपोर्ट क्रमांक जोडा. दुरुस्तीची संधी एकदाच मिळते, म्हणून पासपोर्ट समोर उघडा ठेवून अक्षर न् अक्षर टाइप करा. पासपोर्टमध्ये ‘गिव्हन नेम’च्या रकान्यात पहिलं नाव आणि वडिलांचं किंवा नवऱ्याचं नाव असतं, आडनाव वेगळ्या रकान्यात असतं. आपल्याकडे ‘पाटील सुनीता रमेश’ असं आडनावापासून लिहायची सवय आहे. नावांचा क्रम बदललेला असला किंवा मधलं नाव गळलेलं असलं तर सहसा कोणी अडवत नाही. आडनावच वेगळं असेल तर अडवतात. विवाह नोंदणीचा दाखला जवळ ठेवावा, पण केवळ त्याच्या जोरावर निघू नये, कारण काउंटरवरच्या माणसाला पडद्यावर दोन नावं जुळलेली बघायची असतात.

पासपोर्ट जोडल्यावर आंतरराष्ट्रीय प्रवासाचं सर्टिफिकेट वेगळं डाउनलोड करावं लागतं. साध्या सर्टिफिकेटवर वय असतं, यावर पूर्ण जन्मतारीख असते. २०२१ मध्ये ब्रिटनला जाणाऱ्यांची जी अडचण झाली ती याच जन्मतारखेपायी, आणि त्यानंतर ही सोय आली. त्याच्या दोन रंगीत प्रती काढा. क्यूआर कोडवर घडी येऊ देऊ नका, घडीवर शाई उडाली की स्कॅनर वाचत नाही.

प्रश्न : आम्ही दुबईत असतो. शिमग्याला रत्नागिरीला येतोय. दोघांची लस पूर्ण आहे, मुलगा चार वर्षांचा. आता आरटी-पीसीआर लागत नाही असं ऐकलं. (दुबई)

ऐकलंत ते अर्धंच आहे. १४ फेब्रुवारी २०२२ च्या नियमात आरटी-पीसीआरऐवजी लसीचं सर्टिफिकेट देण्याची मुभा होती, पण ती फक्त लसीच्या सर्टिफिकेटांना भारताशी परस्पर मान्यता असलेल्या ८२ देशांतून येणाऱ्यांना. कतार, ओमान, बहारीन, सौदी त्या यादीत होते. संयुक्त अरब अमिराती नव्हती. म्हणून तुम्हा दोघांना आरटी-पीसीआर करावीच लागेल. भारताची मुदत तेव्हा ७२ तासांची होती. ती प्रवास सुरू होण्याच्या वेळेपासून मागे मोजायची आणि स्वॅब दिल्याच्या वेळेपर्यंत. शनिवारी संध्याकाळी सहाचं विमान असेल तर बुधवारी संध्याकाळी सहानंतर दिलेला स्वॅब हवा. अगदी कडेची वेळ पकडू नका. विमान चार तास उशिरा सुटलं की तुमचा रिपोर्ट मुदतीबाहेर गेल्याचा वाद काउंटरवर उभा राहतो. शुक्रवारी सकाळी स्वॅब देणं सर्वांत बरं. पाच वर्षांखालच्या मुलाला लक्षणं नसतील तर निघण्याआधी आणि उतरल्यावर, दोन्ही चाचण्या माफ होत्या.

भारत सरकारच्या एअर सुविधा संकेतस्थळावरचा स्वयंघोषणा फॉर्म मात्र २०२२ मध्ये प्रत्येकाचा वेगळा लागत होता, मुलाचाही. तो विनामूल्य होता. पैसे मागणारं पान दिसलं तर ते सरकारी नव्हे. भरायला बसताना पासपोर्ट, तिकिटाचा पीएनआर, विमानाचा क्रमांक, मागच्या १४ दिवसांत कुठल्या देशांत होतात ते, रत्नागिरीचा पूर्ण पत्ता आणि रिपोर्टची पीडीएफ जवळ ठेवा. मोबाइलवर काढलेला फोटो पीडीएफ करूनच चढवा. आसन क्रमांकही विचारतात, म्हणून वेब चेक-इन आधी उरकलं तर बरं. भरून झाल्यावर ईमेलवर येणारी प्रत छापून घ्या. ती पाहिल्याशिवाय विमान कंपनी बोर्डिंग पास देत नव्हती.

मुंबईत उतरल्यावर तेव्हा तापमान बघत होते. शिवाय प्रत्येक विमानातल्या दोन टक्के प्रवाशांची चाचणी होत होती. कुणाची करायची ते विमान कंपनी ठरवत होती. तुमची निवड झाली तर घाबरू नका : स्वॅब दिल्यावर लगेच बाहेर पडता येत होतं, निकालासाठी थांबवून ठेवत नव्हते. म्हणून फोन नंबर भारतात चालणारा द्या. दुबईचं सिम रोमिंगविना खिशात पडून राहिलं तर पॉझिटिव्ह आल्याचं तुम्हाला कळणारच नाही. कुणी पॉझिटिव्ह निघालं तर त्याच्या ओळीतले आणि पुढच्या-मागच्या तीन-तीन ओळींतले प्रवासी संपर्कात आलेले धरत होते.

घरी गेल्यावर १४ दिवस स्वतःच्या तब्येतीवर लक्ष ठेवायचं होतं. हे विलगीकरण नव्हे, बाहेर पडायला बंदी नव्हती. तरीही पालखी नाचवायच्या गर्दीत पहिल्या चार-पाच दिवसांत जाऊ नये असं आम्हाला मनापासून वाटतं. घरात आजी-आजोबा असतील तर नक्कीच नाही. लक्षणं ओमिक्रॉनच्या बाबतीत साधारण तीन दिवसांत दिसू लागतात. ताप, घसा दुखणं, अंग मोडून येणं जाणवलं तर वेगळ्या खोलीत राहा आणि १०७५ वर किंवा जवळच्या आरोग्य केंद्रात कळवा.

प्रश्न : लंडनला जाताना आता काहीच लागत नाही, खरं का? (ठाणे)

लस पूर्ण असेल तर चाचणी लागत नव्हती, जाण्याआधीही नाही आणि पोचल्यावरही नाही. हे ११ फेब्रुवारी २०२२ पासून. पण पॅसेंजर लोकेटर फॉर्म (प्रवाशाचा पत्ता-संपर्क नोंदवणारा फॉर्म) तेव्हा लागत होता. तो तिथे पोचण्याआधीच्या तीन दिवसांत भरायचा, त्याआधी नाही. दुसरा डोस आणि पोचण्याचा दिवस यांत १४ पूर्ण दिवस लागत होते, डोस घेतल्याचा दिवस त्यात धरत नव्हते. १८ वर्षांखालच्यांना लस घेतलेल्यांसारखंच वागवत होते. लस अपुरी असेल तर निघण्याआधी एक चाचणी, आणि पोचल्यावर दुसऱ्या दिवसापर्यंत करायच्या पीसीआरचं आगाऊ बुकिंग लागत होतं. त्या बुकिंगचा क्रमांक फॉर्ममध्ये विचारत होते.

प्रश्न : मे महिन्यात युरोपची सहल ठरवलीय. मी ६३ वर्षांचा, मधुमेह आहे. पत्नी ५२. कोव्हिशील्डचा दुसरा डोस माझा २० एप्रिल २०२१ ला, तिचा १ जुलैला झाला. टूर कंपनी म्हणते, दोन डोस असले की झालं. (पुणे)

इथे जरा थांबा. तुमचे पैसे यातच अडकू शकतात.

१ फेब्रुवारी २०२२ पासून युरोपीय संघाने पहिल्या दोन डोसांच्या सर्टिफिकेटला प्रवासासाठी २७० दिवसांची मुदत घातली होती. अनेक देश बाहेरून येणाऱ्यांनाही हाच हिशेब लावत होते. तुमचे २७० दिवस १५ जानेवारी २०२२ ला भरले. पत्नीचे २८ मार्चला भरतील. मे महिन्यात दोघांची सर्टिफिकेटं तिथल्या हिशेबाने जुनी ठरतील.

तुमच्यापुरता उपाय आहे. १० जानेवारी २०२२ पासून आपल्याकडे मधुमेहासारख्या सहव्याधी असलेल्या साठीवरच्यांना खबरदारीचा (तिसरा) डोस मिळू लागला, आणि त्यासाठी तेव्हा दुसऱ्या डोसाला ३९ आठवडे झालेले लागत होते. ३९ आठवडे म्हणजे २७३ दिवस. म्हणजे तिकडची मुदत संपायची तेव्हा इकडे डोस मिळायला अजून तीन दिवस असायचे! दोन सरकारांनी आपापल्या कारणांनी ठरवलेले हे आकडे आहेत, त्यांचा मेळ प्रवाशालाच घालावा लागतो. तुमचे २७३ दिवस १८ जानेवारीला झाले, तेव्हा डोस आताच घेऊन टाका. सहव्याधीचा दाखला लसकेंद्रावर दाखवावा लागत नव्हता, पण आपल्या डॉक्टरांना विचारून घ्या. तिसऱ्या डोसाच्या सर्टिफिकेटला युरोपीय संघाने तेव्हा मुदत घातलेली नव्हती.

पत्नीचा प्रश्न अवघड आहे. आरोग्य कर्मचारी किंवा आघाडीवरचे कर्मचारी नसलेल्या ५२ वर्षांच्या व्यक्तीला फेब्रुवारी २०२२ मध्ये भारतात तिसरा डोस मिळत नव्हता. त्यांना मागच्या १८० दिवसांत कोविड होऊन गेला असेल आणि लॅबचा रिपोर्ट असेल तर काही देश तो धरत होते. काही देश निगेटिव्ह चाचणीवर आत घेत होते. सहलीतल्या प्रत्येक देशाबद्दल तीन गोष्टी टूर कंपनीकडून लेखी घ्या : २७० दिवसांचा नियम भारतीय सर्टिफिकेटला लागतो का, चाचणीवर प्रवेश मिळतो का, आणि हॉटेलात-रेस्तराँत शिरायला वेगळा पास लागतो का. ‘दोन डोस असले की झालं’ हे तोंडी आश्वासन ऐकून पूर्ण रक्कम भरू नका. उत्तर लेखी मिळेपर्यंत सहल पुढे ढकलता येईल अशा अटीवरच नोंदणी ठेवा.

कोणती लस चालते हेही देशागणिक बदलत होतं. कोव्हिशील्ड जर्मनी, फ्रान्स, स्पेन, नेदरलँड्स, स्वित्झर्लंड या देशांनी आपापल्या अधिकारात मान्य केली होती. कोव्हॅक्सिनला जागतिक आरोग्य संघटनेची मान्यता ३ नोव्हेंबर २०२१ ला मिळाली, तरी फेब्रुवारी २०२२ मध्ये जर्मनी ती प्रवेशासाठी धरत नव्हता.

प्रश्न : कंपनीच्या कामासाठी १० मार्चला नैरोबीला जायचंय, आठ दिवसांत परत. कोविडचे सगळे कागद तयार आहेत. आणखी काही? (चिंचवड)

हो, पीतज्वराचं (यलो फीव्हरचं) पिवळं कार्ड, म्हणजे त्याची लस घेतल्याचा दाखला. कोविडच्या कागदांच्या गडबडीत लोक हेच विसरताहेत.

जाताना केनिया भारतातून थेट येणाऱ्याकडे ते मागत नाही, म्हणून मुंबईहून निघताना काही कळतही नाही. विचारतात परत येताना, आपलंच सरकार. हा आजार एडिस डासामुळे पसरतो. तो डास, डेंग्यूचा, आपल्याकडे घराघरांत आहे. आजार मात्र भारतात आजवर आलेला नाही. एक रुग्ण आत आला तर पुढे काय होईल हे ओळखून हा नियम इतका कडक ठेवलाय. कार्ड नसेल, तर तो प्रदेश सोडल्यापासून सहा दिवस पूर्ण होईपर्यंत किंवा कार्ड ग्राह्य होईपर्यंत, यातलं जे आधी येईल तोवर, सक्तीने विलगीकरणात ठेवतात. तिथे कोविडचा निगेटिव्ह रिपोर्ट दाखवून उपयोग नाही. अगदी तान्ह्या बाळांनाच सूट आहे.

लस एकदाच घ्यायची, अर्धा मिलिलिटर, त्वचेखाली. कार्ड दहा दिवसांनी ग्राह्य होतं आणि जुलै २०१६ पासून ते आयुष्यभर चालतं. घरात जुनं ‘दहा वर्षं’ लिहिलेलं कार्ड असेल तर तेही चालतं. तुमच्याकडे तीनच आठवडे आहेत, म्हणून आजच नोंदणी करा. ही लस केंद्र सरकारने नेमलेल्या केंद्रांवरच मिळते. मुंबईत विमानतळ आणि बंदर आरोग्य संघटना, गोव्यात मुरगावची बंदर आरोग्य संघटना ही त्यांतली. बाकीची यादी आरोग्य मंत्रालयाच्या संकेतस्थळावर आहे. एका कुपीत अनेकांचे डोस असतात आणि कुपी विरघळवल्यावर काही तासांतच संपवावी लागते, म्हणून केंद्रं ठरावीक वारीच आणि मोजक्याच लोकांना लस देतात. आयत्या वेळी गेलात तर परत पाठवतील. मूळ पासपोर्ट न्या. कार्डावर केंद्राचा शिक्का, डॉक्टरांची सही आणि बॅच क्रमांक आहे का, हे तिथेच पाहा.

ही जिवंत, सौम्य केलेल्या विषाणूची लस आहे. अंड्याची तीव्र ॲलर्जी, प्रतिकारशक्ती दाबणारी औषधं, थायमस ग्रंथीचा आजार, यांपैकी काही असेल तर ती देत नाहीत. साठीपुढच्यांनी, गर्भवतींनी आणि स्तनपान देणाऱ्यांनी डॉक्टरांशी बोलूनच ठरवावं. मागच्या महिन्याभरात दुसरी कुठली लस घेतली असेल तर ती तारीख केंद्रावर सांगा.

परतीचं तिकीट अदिस अबाबामार्गे असेल तर नुसत्या थांब्यालाही हा नियम लागू शकतो. विमानतळाच्या आवारातच राहिलेल्यांना सूट देता येते, पण ती आरोग्य अधिकाऱ्याला पटली तरच.

प्रश्न : वय ७०. सोळा तासांचा प्रवास आहे. विमानात काय काळजी घ्यावी? (पणजी)

हवेत असताना विमानातली हवा बरीच सुरक्षित असते. हेपा गाळण्या ०.३ मायक्रॉनचे ९९.९७ टक्के कण अडवतात आणि आतली हवा तासाला वीस-तीस वेळा बदलते. धोका जास्त असतो तो चेक-इनच्या रांगेत, बसमध्ये, आणि विमान जमिनीवर उभं असताना, कारण तेव्हा ही यंत्रणा कधी कधी पुरती चालू नसते. म्हणून मास्क घराबाहेर पडतानाच नीट लावा.

एन-९५ घ्या, पण व्हॉल्व्हचा नको. त्यातून तुमचा श्वास न गाळता बाहेर जातो आणि विमान कंपन्या तसा मास्क तेव्हा चालू देत नव्हत्या. नाकावरची पट्टी दोन्ही हातांच्या बोटांनी दाबून बसवा. चश्म्यावर वाफ आली म्हणजे वरून फट आहे. ओला झाला की बदला. असे चार-पाच मास्क कागदी पाकिटांत वेगवेगळे ठेवा. शेजारी जेवत असेल तेव्हा तुम्ही मास्क काढू नका, त्याचं आटोपलं की मग जेवा.

औषधं हातातल्या पिशवीतच असू द्या, मूळ वेष्टनात, डॉक्टरांच्या इंग्रजी चिठ्ठीसह. चिठ्ठीवर ब्रँडशेजारी औषधाचं मूळ नाव लिहून घ्या, तिकडचा डॉक्टर आपले ब्रँड ओळखत नाही. इन्सुलिन मालाच्या बॅगेत टाकू नका, गोठून निकामी होऊ शकतं. सॅनिटायझरची बाटली १०० मिलिलिटरच्या आतली घ्या, थर्मामीटर आणि ऑक्सिमीटर सोबत असू द्या.

पायांचंही बघा. मास्क काढायला नको म्हणून अनेक वयस्कर माणसं पाणीच पीत नाहीत आणि जागेवरून उठत नाहीत. त्यातून पोटऱ्यांतल्या शिरांत रक्ताची गुठळी होण्याचा धोका वाढतो. तासाभराने घोट्यापासून पाय वर-खाली वीस वेळा हलवा, दर दोन-तीन तासांनी उठून फेरी मारा, आणि थोडं थोडं पाणी पीत राहा. आधी कधी गुठळी झाली असेल किंवा नुकतीच शस्त्रक्रिया झाली असेल तर दाबाचे मोजे घालावेत की औषध घ्यावं, हे निघण्याच्या आठवडाभर आधी डॉक्टरांना विचारा. पोचल्यावर एकाच पायाला सूज आली, पोटरी दुखू लागली किंवा धाप लागली, तर तो कोविड असेल असं समजून घरी वाट बघत बसू नका, तडक इमर्जन्सीत जा.